चार वर्षांच्या लेकीचे केस ओढले की मुळापासून निघतात, आणि तिला दुखतही नाही. कुणाला अनुभव आहे का?

नाशिकची_आई
नमस्कार. लेक ४ वर्षांची आहे. जावळ मुळात विरळच होतं, ते रीतीप्रमाणे काढलं. त्यानंतर जे केस आले ते मानेपर्यंत येऊन थांबले. आजवर तिचे केस कापायची वेळच आली नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला, उशीला घासतं तिथे, कायम गुंता आणि चिकटल्यासारखे केस. परवा बालवाडीत खेळताना एका मुलीने मागून केस धरले, तर अख्खी बट तिच्या मुठीत आली. बाई घाबरल्या, पण लेक रडलीसुद्धा नाही.
टाळूवर चट्टा नाही, खाज नाही, कोंडा नाही. खाणंपिणं, वजन चांगलं आहे. फॅमिली डॉक्टरांनी लोहाचं आणि बायोटिनचं सिरप दिलंय, पण फरक नाही. सासूबाई म्हणतात, पुन्हा एकदा गोटा करू, दाट येतील. आता त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचंय. काय विचारू, कोणती तपासणी करून घेऊ, कृपया सांगा. मला झोप लागत नाहीये.

माका_जास्वंद
ताई, काळजी करू नका. माका, जास्वंद, कढीपत्ता खोबरेल तेलात उकळा आणि रोज रात्री चांगलं मुळाशी चोळा. चाई असेल तर कांद्याचा रस लावून घासा. आमच्याकडे सगळ्या मुलींना हेच केलंय.

त्वचा_ओपीडी
मी त्वचारोग विभागात काम करते. माका_जास्वंद, तुमची तळमळ समजते. तेलाचं बोट हलकेच फिरवायला हरकत नाही, पण चोळणं आणि घासणं या मुलीला नको. का ते सांगते.
चाईत गोल, गुळगुळीत चट्टा पडतो, कधी नखांवर बारीक खळगे दिसतात. डोक्याला नायटा झाला तर खवले येतात, केस टाळूशी तुटतात, आणि त्याला पोटातूनच औषध लागतं. मूल स्वतः केस उपटत असेल तर एकाच जागी कमीजास्त लांबीचे तुटके केस सापडतात. ताईंनी लिहिलंय ते यातलं काहीच नाही. विरळ केस, न वाढणारी लांबी, मागचा गुंता, आणि अख्खा केस न दुखता हातात येणं, हे सगळं एकत्र आलं की आम्हाला पहिल्यांदा लूज ॲनाजेन हेअर सिंड्रोम आठवतो. न तपासता निदान करता येत नाही, पण डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारा.
वाढीच्या काळात (त्यालाच ॲनाजेन म्हणतात) केसाला मुळाभोवतीचं आवरण घट्ट धरून ठेवतं. म्हणून निरोगी वाढता केस उपटला की कळ येते. या आजारात आवरण आणि केस यांची पकडच कच्ची असते, त्यामुळे वाढता केससुद्धा सहज सुटतो. पुरता वाढण्याआधीच निघतो, म्हणून लांबी होत नाही. काही कुटुंबांत केराटिन ७५ या जनुकात बदल सापडलाय, पण सगळ्यांत नाही.
तपासणीचं नाव ट्रायकोग्राम. थोडे केस मुळासकट काढून मायक्रोस्कोपखाली बघतात. मुळं वाकडी दिसतात, भोवतीचं आवरण नसतं, आणि मुळाजवळची साल घोट्याशी घसरलेल्या मोज्यासारखी चुण्या पडून गोळा झालेली असते. असे एखाददोन केस निरोगी मुलांतही मिळतात. बरेच तज्ज्ञ ७० टक्क्यांहून जास्त असतील तरच निदान पक्कं धरतात. खर्चिक यंत्र लागत नाही, नजर लागते. नाशिकमध्ये जमलं नाही तर पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर यांच्या त्वचा ओपीडीत जा. केसपेपर निघेल.
जाताना दोन गोष्टी करा. एक दिवस आधी केस धुऊ आणि विंचरू नका. आणि बायोटिन चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण मोठ्या डोसमध्ये ते थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा फसवतं.

सानूची_आई_पुणे
नाशिकची_आई, वाचून अंगावर काटा आला, अगदी आमचीच गोष्ट! सानू आता ११ वर्षांची आहे. तेव्हा एका ठिकाणी आम्हाला ‘आई नीट खायला घालत नाही’ असं ऐकवलं होतं. ते डोक्यातून काढून टाका. तुमचं काही चुकलेलं नाही.
औषध काही नव्हतंच, हाताळणी बदलली. केस कोरडे असताना फणी लावत नाही. न्हाल्यावर कंडिशनर लावून ठेवते, रुंद दातांचा कंगवा घेते, आणि टोकाकडून सुरुवात करून गुंता बोटांनी सोडवत वर जाते. सुती अभ्र्याऐवजी सॅटिनचा अभ्रा घातला, तर मागचा गुंता निम्म्याने कमी झाला. घट्ट वेणी, रबर, चापाच्या क्लिप बंद. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. बालवाडीच्या बाईंना शांतपणे समजावून सांगितलं, की तिचे केस कुणी ओढणार नाही एवढं बघा.
सातव्या-आठव्या वर्षापासून केस भरू लागले. आता खांद्याखाली आलेत आणि रंगही गडद झालाय. अजूनही ओढले तर निघतात.
गोट्याबद्दल सासूबाईंना असं सांगा: वस्तरा फिरतो तो टाळूच्या वर, दोष आहे तो खाली मुळात. नवे केस टोकाला जाड वाटतात, म्हणून दाट आल्याचा भास होतो. आमच्या आजींना हे पटलं.

बाबा_कल्याण
हे मुलग्यांनाही होतं का? माझ्या भाच्याचं असंच आहे. सगळे मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) लावा म्हणतात, मेडिकलमध्ये सहज मिळतं.

त्वचा_ओपीडी
हो, होतं. मुलग्यांचे केस आखूड असतात, कुणी धरून ओढत नाही, म्हणून लक्षात येत नाही. आधी असंही वाटायचं की हा फक्त सोनेरी केसांच्या गोऱ्या मुलींचा आजार. १९८० च्या दशकात युरोप-अमेरिकेत पहिली वर्णनं आली ती तशाच मुलींची होती. नंतर इजिप्तमध्ये आणि आपल्याकडे काळ्या केसांच्या मुलांतही नोंद झाली.
मिनॉक्सिडिल मात्र मनाने आणू नका, हात जोडून सांगते. फार विरळ केस असतील तर तज्ज्ञ काही मुलांना देतात, पण स्वतः लक्ष ठेवून. ते मुळात रक्तदाबाचं औषध आहे. २०१९ मध्ये स्पेनमध्ये तान्ह्या बाळांच्या पोटाच्या औषधाऐवजी चुकून मिनॉक्सिडिल गेलं आणि त्यांच्या अंगभर केस उगवले. तिथे ते तोंडातून गेलं होतं, पण लहान शरीरावर त्याचा किती परिणाम होतो, ते यावरून समजा. बहुतेक मुलांचं वय वाढेल तसं आपोआप सुधारतं, तर घाई कशाला?
एक गोष्ट मात्र टाळू नका. क्वचित हे केस नूनन सिंड्रोमसारख्या जन्मजात आजाराचा भाग असतात. २००९ मध्ये त्याच्याशी संबंधित शॉक-टू जनुकातला बदल सापडला. त्यात उंची कमी, हृदयात दोष, विकास मागे असं काही सोबत असतं. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून उंचीचा आलेख आणि हृदयाचे ठोके एकदा तपासून घ्या. मूल उंचीने, खेळण्या-बोलण्याने वयाप्रमाणे असेल तर भीती नाही.

नाशिकची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो. डॉक्टरांनी चिमटीत धरून केस काढले, काचेवर ठेवून आम्हाला मायक्रोस्कोपमधून दाखवले. काळपट वाकडं मूळ आणि त्याच्यावर गोळा झालेली साल, त्वचा_ओपीडींनी लिहिलं होतं तस्संच! जवळपास सगळे केस तसेच निघाले. मग त्यांनी माझेही ओढून पाहिले, त्यातलेही काही तसेच. माझी आई म्हणाली, तुझीही वेणी चौथीपर्यंत कधी घातली नव्हती. उंची, हृदय सगळं ठीक. सिरप बंद केलं. गोट्याचा विषय सासूबाईंनी स्वतःच मिटवला, आता रोज रात्री सॅटिनचा अभ्रा त्याच घालतात.
आता एक नवीनच प्रश्न. गॅदरिंगला लेकीचा कोळीनृत्यात नंबर लागलाय. बाईंनी सगळ्या मुलींना अंबाडा आणि गंगावन सांगितलंय. नाही म्हणावं तर ती हिरमुसेल.

सानूची_आई_पुणे
नृत्यात भाग घेऊ द्याच! गंगावन मात्र नको, त्याचं वजन आणि आकडे तिच्या मुळांना झेपणार नाहीत. आम्ही मऊ कापडी हेअरबँडला मागच्या बाजूने लोकरीचा तयार अंबाडा आणि त्याभोवती गजरा टाचला होता. लांबून कुणाला फरक कळला नाही. हेअरबँडखाली पातळ सुती टोपी घाला, आणि कार्यक्रम झाल्यावर तो मागून पुढे ओढून काढू नका. दोन्ही हातांनी सरळ वर उचला. टाचायचं कसं त्याचा फोटो हवा असेल तर विपू (विचारपूस) करा.