मदत हवी आहे : अश्वगंधा, शतावरी आणि ज्येष्ठमध यांच्या वेळा कशा ठरवाव्यात?

रेघोटी
नमस्कार. रोजचा ताण कमी व्हावा आणि संप्रेरकांचा समतोल साधावा, या हेतूने मी गेले पाच आठवडे अश्वगंधेच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळी व रात्री, शतावरीचे चूर्ण दिवसातून दोनदा आणि झोपण्यापूर्वी ज्येष्ठमधाचा काढा असे घेत आहे. पहिले तीन आठवडे खरोखरच बरे वाटले आणि झोपही लागू लागली. परंतु गेल्या दहा-बारा दिवसांपासून पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडते आणि ज्या चिडचिडीसाठी हा सारा खटाटोप आरंभला ती दुपटीने वाढली आहे. माझ्या मते वेळा चुकत आहेत. अश्वगंधा फक्त रात्री घ्यावी की फक्त सकाळी, आणि ज्येष्ठमध तिच्यासोबत चालतो का, एवढेच नेमके सांगावे. 'डॉक्टरांना दाखवा' हा सल्ला मला ठाऊक आहे. तो कृपया देऊ नये.

उंबरठा
वेळेचा प्रश्न नंतर पाहू. आपले वय काय, पाळी नियमित आहे का, रक्तदाब अलीकडे कधी मोजला होता, आणि याखेरीज दुसरी कोणती औषधे सुरू आहेत का? ही माहिती नसताना कोणीही नेमके उत्तर दिले, तर तो निव्वळ अंदाज ठरेल.

जुनाजाणता
मी नऊ वर्षे अश्वगंधेचे चूर्ण रात्री कोमट दुधासोबत घेत आहे आणि मला एका दिवसाचाही त्रास झालेला नाही. दोष वनस्पतीचा नसून कॅप्सूलचा आहे. अर्क बंद करा, चूर्णावर या, अनुपान सांभाळा. आठ दिवसांत फरक दिसेल.

रेघोटी
वय ४३. पाळी गेले काही महिने मागेपुढे होते. रक्तदाब मोजलेला नाही, पण तो मला कधीच नव्हता. इतर औषधे काही नाहीत. आता तरी वेळा सांगाव्यात, ही विनंती.

कषाय
जुनाजाणता यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. चूर्ण म्हणजे अख्खे मूळ दळलेले, तर अर्कात विथॅनोलाइड नावाचे घटक एकवटलेले असतात; त्यामुळे चूर्णाच्या ग्रॅमचा आणि अर्काच्या मिलिग्रॅमचा हिशेब एकमेकांना लावता येत नाही. आपण घेत आहात ती मात्रा मात्र अवाजवी नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६४ जणांवरील चाचणीत हीच मात्रा ६० दिवस दिली होती आणि रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, सुमारे २८ टक्क्यांनी उतरलेले आढळले होते. चाचणी लहान होती, हेही ध्यानात ठेवावे.

मला अधिक काळजी ज्येष्ठमधाची वाटते. त्यातील ग्लिसिरायझिन हा घटक मूत्रपिंडातील एका विकराला (एन्झाइमला) अडवतो. एरवी तो विकर कॉर्टिसॉलला तेथे निष्प्रभ करत असतो. तो अडला की कॉर्टिसॉल हे अल्डोस्टेरॉनचे, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचे, सोंग घेऊन काम करू लागते, शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम बाहेर जाते आणि रक्तदाब चढतो. ताणाचे संप्रेरक उतरवण्यासाठी एक वनस्पती आणि त्याच संप्रेरकाला मूत्रपिंडात मोकळे रान देणारी दुसरी, असा हा आपला 'समतोल' आहे. पोटॅशियम घटल्यानेही छातीत धडधडते. घशासाठी चार दिवस घेतलेला काढा निराळा, आणि पाच आठवडे रोज रात्री घेतलेला निराळा.

चांदणगोंदण
माझा अनुभव सांगते. केस फार गळत होते तेव्हा ब्राह्मीचे तेल लावले आणि फार उपयोग झाला. ताणामुळे केस गळतातच, त्यामुळे रेघोटीताईंनी तेही करून पाहावे. मुलांच्या स्मरणशक्तीसाठीसुद्धा ब्राह्मी उत्तम.

उंबरठा
चांदणगोंदणताई, केसांचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. शिवाय ब्राह्मी या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती खपतात, एक खरी ब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी. आपल्या तेलात कोणती होती, हे बाटलीवरील वनस्पतिशास्त्रीय नाव वाचल्याखेरीज आपल्यालाही सांगता येणार नाही.

निळीशाई
पाळी मागेपुढे होत असेल तर निर्गुंडीचे बी घ्यावे. परदेशात त्यावर संशोधन झाले असून प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे संप्रेरक) कमी होते, असे वाचले आहे.

कषाय
पुन्हा नावांचाच घोळ. संशोधन झाले आहे ते भूमध्य समुद्राकाठच्या व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कास्टस या झुडपाच्या फळांवर. आपली निर्गुंडी म्हणजे व्हायटेक्स नेगुंडो. कुळ एक असले तरी माणसे वेगळी. एकीच्या चाचणीचा दाखला दुसरीसाठी देता येत नाही.

आणि मुळात कोणत्या संप्रेरकाचा समतोल साधायचा आहे? हॉर्मोन, म्हणजे संप्रेरक, हा शब्दच १९०५ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी प्रचारात आणला, आणि आज अशी डझनावारी संप्रेरके ठाऊक आहेत. त्या सर्वांना एकदम ताळ्यावर आणणारे औषध कोणत्याही शास्त्राकडे नाही.

जुनाजाणता
शब्द १९०५ चा असेल, वनस्पती त्याआधीपासून दिल्या जात होत्या आणि माणसे बरी होत होती. परकीय चाचण्यांचे आकडे दाखवून परंपरेला उणे लेखण्याची ही फॅशन झाली आहे.

कषाय
मी परंपरेला उणे लेखत नाही. परंपरेत प्रकृती पाहून मात्रा ठरवणारा आणि आठ दिवसांनी पुन्हा नाडी पाहणारा वैद्य होता. डबीवरच्या लेबलात तो नसतो. आपल्याला नऊ वर्षे काही झाले नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, बहुतेक सुरुवातीच्या २ ते १२ आठवड्यांतल्या. रेघोटी नेमक्या त्याच काळात आहेत, म्हणून विचारतो : लघवी गडद होणे, अंगाला खाज, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही?

रेघोटी
यांपैकी काहीही नाही. आपण सर्वजण मला घाबरवत आहात आणि वेळा कोणीच सांगत नाही. सकाळी थायरॉईडच्या गोळीनंतर लगेच अश्वगंधा घेते, ते तरी चालते ना?

उंबरठा
थायरॉईडची गोळी? आपण तर 'इतर औषधे काही नाहीत' असे लिहिले होते.

रेघोटी
ती अकरा वर्षांपासून रोज घेते, ७५ मायक्रोग्रॅम. तिला मी औषध म्हणून मोजतच नाही. दात घासण्यासारखेच झाले आहे ते.

उंबरठा
या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले. अश्वगंधा थायरॉईडची संप्रेरके वाढवू शकते. २०१८ मध्ये, थायरॉईड किंचित मंद असलेल्या पन्नास जणांवर एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉईड जास्त झाले की ते घटते) उतरले आणि टी३ व टी४ ही थायरॉईडची संप्रेरके चढली. रोजचे ६०० मिलिग्रॅम म्हणजे आपलीच मात्रा, आणि आपण ती बाहेरून पुरवल्या जाणाऱ्या संप्रेरकावर घेत आहात. पहाटेची जाग, धडधड, चिडचिड ही तिन्ही थायरॉईड जास्त झाल्याची ठरलेली लक्षणे आहेत. अलीकडे टीएसएच तपासले आहे का?

रेघोटी
वार्षिक तपासणीत मागच्या आठवड्यात केले. ०.०८ आले. माझे नेहमी वाढलेले असायचे, म्हणून कमी आले ते बरेच झाले, असे मला वाटले.

उंबरठा
बरे झालेले नाही. प्रौढांसाठी साधारण मर्यादा ०.४ ते ४ अशी असते. अश्वगंधा आजच थांबवा, पण थायरॉईडची गोळी स्वतःच्या मनाने बंद अथवा कमी करू नका.

निळीशाई
निर्गुंडीबाबत माझी चूक झाली, मान्य आहे. मात्र मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून एक विचारते. केसांसाठी काही गोळ्या घेता का?

रेघोटी
हो, बायोटिन, १० मिलिग्रॅम, तीन महिन्यांपासून. पण ते जीवनसत्त्व आहे, औषध नव्हे.

निळीशाई
मग ०.०८ या आकड्यावर इतक्यात विसंबू नये. टीएसएच मोजण्याच्या अनेक पद्धतींत बायोटिन हाच जोडणीचा दुवा असतो. रक्तात ते भरपूर असले की टीएसएच खोटे कमी आणि मुक्त टी४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले टी४) खोटे जास्त दिसू शकते, म्हणजे अहवालात हुबेहूब थायरॉईड वाढल्याचे चित्र उमटते. सर्व यंत्रांत असे होत नाही. आपल्या प्रयोगशाळेत कोणती पद्धत आहे, हे विचारावे लागेल. एवढ्या मात्रेचे बायोटिन निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून, तसे प्रयोगशाळेला सांगून तपासणी पुन्हा करावी. (चांदणगोंदण यांनी केसांचा विषय काढला नसता तर मला हे सुचलेही नसते.)

कषाय
फार मोलाचा मुद्दा. परंतु बायोटिन आकडा बिघडवते, छाती धडधडवत नाही. धडधडीचे कारण वेगळे शोधावेच लागेल : थायरॉईड खरोखर वाढलेले, ज्येष्ठमधामुळे पोटॅशियम घटलेले, की ४३ व्या वर्षी रजोनिवृत्तीपूर्व बदल सुरू झालेले. यांतील दोन गोष्टी एकाच वेळी असणेही शक्य आहे. टीएसएचसोबत मुक्त टी४, टी३, पोटॅशियम आणि यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात, आणि रक्तदाब तर आजच मोजावा. धडधडीबरोबर चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर धाग्यावर लिहीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

रेघोटी
(बारा दिवसांनंतर) उशिराबद्दल क्षमस्व. त्याच संध्याकाळी रक्तदाब मोजला, तो १४८/९४ निघाला. म्हणून दुसऱ्या दिवशी मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. तिन्ही वनस्पती आणि बायोटिन बंद केले. पोटॅशियम ३.२ आले, जे किमान ३.५ असायला हवे होते. चार दिवसांनी पुन्हा केलेल्या तपासणीत टीएसएच ०.३ होते, म्हणजे आकडा काही अंशी खोटा आणि काही अंशी खरा होता. यकृताच्या चाचण्या ठीक आहेत. गोळी तीच ठेवून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. रक्तदाब आता १३० च्या आत आहे आणि धडधड बरीच कमी झाली आहे. पहाटेची जाग मात्र अजून येते आणि पाळीही मागेपुढेच आहे. अकरा वर्षांची गोळी न सांगता राहिले, याची लाज वाटते.

एक शेवटचा प्रश्न : शतावरीबद्दल कोणीच काही वाईट लिहिले नाही. ती सुरू करू का, आणि सकाळी की रात्री?

जुनाजाणता
रात्री, कोमट दुधासोबत.

उंबरठा
सहा आठवड्यांनंतरचा अहवाल हाती येईपर्यंत सकाळीही नाही आणि रात्रीही नाही. शतावरीतील काही घटक इस्ट्रोजेनसारखे वागत असल्याचे मानले जाते; पाळी का बिघडली हे ठरण्यापूर्वी त्यांची भर घातलीत, तर पुढचा अहवाल वाचताना डॉक्टरही गोंधळतील. आणि भेटायला जाताना सर्व डब्या पिशवीत घालून न्या, आपण ज्यांना औषध म्हणून मोजत नाही त्यांच्यासकट.