प्रतिसाद: इन्फ्रारेड फोटो नुसता लालभडक येतोय
वर विचारलंय ना, की आर७२ फिल्टर (लेन्सपुढे लावायची गडद इन्फ्रारेड काच) लावला तर फोटो नुसता लाल येतो, पानं पांढरी कुठे दिसतात, तर ते अगदी नॉर्मल आहे. हा फिल्टर साधारण ७२० नॅनोमीटरच्या पुढचाच, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आत सोडतो आणि कॅमेऱ्यात सेन्सरपुढे नेमकी इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून भर उन्हातही एक्सपोजर बरेच सेकंद जातं, ट्रायपॉड हवाच. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा आणि उन्हातल्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे गवतालाच पांढरं धरून रंग जुळवायला कॅमेऱ्याला सांगा, निम्मं काम तिथेच होतं. फोकस फिल्टर लावायच्या आधी करून मॅन्युअलवर टाका.

मी पावसाळा सरता सरता भोरकडच्या भातखाचरांत फिरतो, आणि खरं सांगू, दुपारी बाराचं कडक ऊन, ज्यात बाकी सगळे कॅमेरा बॅगेत ठेवतात, तेच इथे सोनं आहे! आकाश गडद, ओढ्याचं पाणी काळंभोर आणि बांधावरचा आंबा पानापानाने पांढराशुभ्र. क्लोरोफिल इन्फ्रारेड शोषत नाही, पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या ते परत फेकतात, म्हणून. फक्त वारा पडेपर्यंत थांबा, नाहीतर फांद्या पुसट येतात. आणि मधोमध पांढुरका डाग दिसला तर तो लेन्सचा हॉटस्पॉट, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र) थोडं उघडून बघा.