म्हणे एका ओळीत क्रॉस-थ्रेड मिटतं!

सुतळीबॉम्ब: डब्ल्यूपीएफ, म्हणजे मायक्रोसॉफ्टची विंडोज अ‍ॅपच्या खिडक्या बनवायची चौकट. तिच्यात पडद्याला जोडलेल्या यादीला (ऑब्झर्वेबलकलेक्शन) यूआय थ्रेड सोडून दुसऱ्या थ्रेडने हात लावला की क्रॉस-थ्रेड एरर; म्हणून काम डिस्पॅचरच्या रांगेतून यूआय थ्रेडकडे पाठवतात. त्यावर काल इथे कुणीतरी ज्ञान वाटलंय: "डब्ल्यूपीएफमधलं ऑब्झर्वेबलकलेक्शन बॅकग्राउंड थ्रेडवरून भरायचंय? एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशनची एक ओळ टाका, डिस्पॅचर विसरा." आणि त्याला लाइक पडतायत! अहो, त्या ओळीने कलेक्शनला कुलूप (लॉक, एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं) लागत नाही, कुठलं कुलूप वापरायचं ते फक्त डब्ल्यूपीएफला कळतं. व्ह्यू, म्हणजे पडद्यासाठी यादी वाचणारा डब्ल्यूपीएफचा भाग, वाचताना ते लॉक घेतो. अ‍ॅड, रिमूव्ह करताना त्याच ऑब्जेक्टवर लॉक तुम्हीच लावायचंय. नाही लावलं, तर क्रॉस-थ्रेडचं नॉटसपोर्टेडएक्सेप्शन जातं खरं, पण मागून 'अ‍ॅन आयटम्सकंट्रोल इज इनकन्सिस्टंट विथ इट्स आयटम्स सोर्स' येतं, म्हणजे पडद्यावरची यादी आणि मूळ यादी जुळत नाहीत. रोज नाही, डेमोच्या दिवशी. शिवाय ती ओळ यूआय थ्रेडवरूनच चालवायची, हे कोण सांगणार?

एकओळी: पोस्ट माझीच. लॉक लावायचं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून लिहिलं नाही. तुमचे डिस्पॅचरभक्त काय करतात? दर आयटमला डिस्पॅचर.इन्व्होक, जे यूआयने काम करेपर्यंत थांबतं, आणि बटणाच्या हँडलरात टास्क.रिझल्ट, जे टास्क संपेपर्यंत यूआय अडवतं. टास्क यूआयसाठी अडून, यूआय टास्कसाठी. बसा पांढरी खिडकी बघत.

सुतळीबॉम्ब: मग अवेट करा की, यूआय न अडवता थांबतं! रिझल्ट लिहायला सांगितलंय कुणी?

रांगेतला: दोघेही थांबा. बिगिनइन्व्होक निरोप टाकून न थांबता पुढे जातो, त्याने हँग टळतो, पण त्याची प्रायॉरिटी नॉर्मल, म्हणजे 9; मोठा आकडा आधी. रेंडर 7, इनपुट 5. सेकंदाला 5000 निरोप 9 वर ढकलल्यावर माउसला कोण विचारतो? आलेला माल कॉन्करंटक्यूत, म्हणजे अनेक थ्रेडना एकदम चालणाऱ्या रांगेत टाका. यूआयवर डिस्पॅचरटायमर, 100 मिलिसेकंदांचा. दर टिकला ट्रायडीक्यूने जास्तीत जास्त 200 आयटम काढून कलेक्शनमध्ये घाला. टायमर मुळातच बॅकग्राउंड प्रायॉरिटीवर, म्हणजे 4 वर चालतो, त्यामुळे क्लिक आधी पोचतात. कलेक्शनला एकच थ्रेड हात लावतो, लॉकची भानगडच नाही.

खडूस: म्हणजे 200 वेळा कलेक्शनचेंज्ड, यादी बदलल्याचा इव्हेंट. एकदम अनेक आयटम घालणारं एक अ‍ॅडरेंज द्यायला काय धाड भरली होती? स्वतः लिहून एकाच इव्हेंटमध्ये 200 आयटम पाठवले की व्ह्यू तोंडावर फेकतो: 'रेंज अ‍ॅक्शन्स आर नॉट सपोर्टेड'. मग पाठवा रीसेट, आणि दिसणाऱ्या सगळ्या रांगा नव्याने बांधा.

रांगेतला: 200 इव्हेंट जड जात नाहीत हो, व्हर्च्युअलायझेशन (दिसणाऱ्या आयटमपुरतेच कंटेनर बनवणं) मोडलेलं असतं ते जड जातं. लिस्टबॉक्स स्टॅकपॅनेलमध्ये टाकला की त्याला उंची अमर्याद मिळते आणि 20,000 आयटमचे 20,000 कंटेनर तयार होतात. ग्रिडच्या स्टार रोमध्ये, म्हणजे उरलेली उंचीच घेणाऱ्या ओळीत ठेवा. व्हिज्युअल स्टुडिओतलं लाइव्ह व्हिज्युअल ट्री उघडून लिस्टबॉक्सआयटम मोजा. पडद्यावर 30 दिसत असतील तर साधारण त्याच्या थोड्याच पटीत हवेत, हजारांत नाही.

खडूस: आणि ग्रुपिंग? आयव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग... चुकलो, इजव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग, नावं ठेवणाऱ्याला नमस्कार. ते ट्रू केल्याशिवाय ग्रुप लावताच तुमची स्टार रो पाण्यात. मुळात बंद ठेवलंय!

सुतळीबॉम्ब: विषय थ्रेडचा होता.

खडूस: थ्रेड बरोबर असून लिस्ट अडकत असेल तर थ्रेडची पूजा घालायची का?

एकओळी: बरं बाबा, माझी एक ओळ नाही, दोन: एक ती, एक लॉक. खूश?

सुतळीबॉम्ब: तिसरी राहिली. लॉकच्या आत डेटाबेसची क्वेरी नको, व्ह्यू त्याच लॉकवर थांबला की यूआय गोठतो. आणि लॉक धरून डिस्पॅचर.इन्व्होक तर अजिबात नको, पुन्हा तुमचीच पांढरी खिडकी.

एकओळी: ते कोण करतं?

रांगेतला: कालच्या तुमच्या नमुना कोडची 14 वी ओळ बघा.