शब्दचर्चा : ‘मास बॅलन्स’ आणि वाऱ्यावर उडणारे हिम

प्रश्न : ध्रुवीय हिमस्तरांविषयीच्या (ग्रीनलंड व अंटार्क्टिका झाकणाऱ्या बर्फाच्या अवाढव्य थरांविषयीच्या) लेखाचा अनुवाद करताना ‘मास बॅलन्स’साठी मी ‘वस्तुमान-समतोल’ हा शब्द योजला, परंतु पुढच्याच परिच्छेदात ‘ऋण वस्तुमान-समतोल’ असे लिहावे लागले आणि लेखणी अडली, कारण समतोल ऋण कसा असेल? शिवाय ‘ड्रिफ्टिंग स्नो’ आणि ‘ब्लोइंग स्नो’ या दोहोंना मी ‘वाहते हिम’ म्हटले आहे. ते चालेल काय?

प्रतिसाद : आपली शंका रास्त आहे. येथील ‘बॅलन्स’ तराजूचा नसून खातेवहीतील ‘बाकी’चा आहे. वर्षभरात पडलेले हिम ही जमा. वितळून, वाफ होऊन किंवा हिमनगांच्या रूपाने तुटून गेले तो खर्च. आणि उरलेली बाकी वजाही असू शकते. काही जण ‘ताळेबंद’ सुचवतात, पण ताळेबंद एका ठरावीक दिवसाची स्थिती दाखवतो, तर येथे वर्षभराची आवकजावक अभिप्रेत असल्याने ‘वस्तुमानाचा जमाखर्च’ मला अधिक नेमका वाटतो. हिशेब गिगॅटनांत (एक गिगॅटन म्हणजे शंभर कोटी टन) मांडतात. सुमारे ३६० गिगॅटन पाणी समुद्रात गेले की त्याची पातळी जगभर एक मिलिमीटरने वाढते.

‘वाहते हिम’ मात्र टाळावे, कारण वाचकाला हिमनदी आठवेल. हवामाननिरीक्षक हे दोन प्रकार डोळ्यांच्या पातळीवरील दृश्यतेवरून ओळखतात. पहिल्यात हिम जमिनीलगत धावते. कण आपटतात, उसळतात, पडताना दुसऱ्या कणांना उडवतात, आणि माणसाचे बूट दिसेनासे झाले तरी कमरेवरचा भाग लख्ख उन्हात असू शकतो. दुसऱ्यात तेच कण डोक्याच्याही वर जाऊन समोरचे दिसू देत नाहीत. म्हणून ‘सरपटते हिम’ आणि ‘उधळलेले हिम’ असे मी सुचवेन.

आक्षेप : शब्द पटले, पण हिम इकडून तिकडे गेले तर पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेल्यासारखेच नव्हे काय? मग जमाखर्चात वाऱ्याची नोंद कशाला?

प्रतिसाद : संपूर्ण हिमस्तराचा विचार केला तर नुसत्या स्थलांतराने बाकी बदलत नाही, हे खरे; एकेका जागेच्या खात्यात मात्र त्याने मोठा फरक पडतो. अंटार्क्टिकात काही ठिकाणी वारा नवे हिम टिकूच देत नाही आणि खालचा जुना निळा बर्फ उघडा पडतो. खरा खर्च दोन वाटांनी होतो. काही हिम किनाऱ्यापलीकडे समुद्रात जाते आणि काहीचे संप्लवन होते, म्हणजे द्रवरूप न होता थेट वाफ होते. (हिंदीत यालाच ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतात, पण आपल्याकडे त्याचा अर्थ डिस्टिलेशन असल्याने हिंदीवरून अनुवाद करताना घोटाळा होतो.) जमिनीवर पडलेल्या हिमाचा वरचा थरच हवेला उघडा असतो, उडणारा कण चहूबाजूंनी उघडा असतो. त्यातच पठारावरून घसरणारी थंड, जड हवा खाली उतरताना दाबाने तापते आणि तुलनेने कोरडी होते. ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसन यांच्या १९११-१४ च्या मोहिमेचा तळ असलेले अंटार्क्टिकातील डेनिसन भूशिर अशाच वाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. तरी हा खर्च अमर्याद नाही, कारण निघालेली वाफ भोवतालची हवा संपृक्त करते आणि पुढचे संप्लवन मंदावते. ग्रीनलंडच्या पृष्ठभागावरील खर्चात वितळून वाहून जाणारे पाणी प्रमुख आहे. अंटार्क्टिकात वितळलेले बरेचसे पाणी हिमातच पुन्हा गोठत असल्याने, संगणकीय प्रतिमानांनुसार उडत्या हिमाचे संप्लवन हा पृष्ठभागावरील खर्चाचा सर्वांत मोठा घटक ठरतो. ‘पृष्ठभागावरील’ हे विशेषण मात्र अनुवादात गाळू नये, कारण हिमनगांचा खर्च त्या हिशेबात धरत नाहीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘त्या वर्षी हिमस्तराची बाकी वजा राहिली’ असे वाक्य बदलले आहे. ‘सरपटते हिम’ही घेतले, ‘उधळलेले’ वाचताना मात्र अजून गुलालच डोळ्यांसमोर येतो, म्हणून तेथे ‘उंच उडणारे हिम’ ठेवतो.