जेल लॅम्पमध्ये चटका बसतो, पण क्लायंट बोलत नाही

प्रश्न:
नखांवर बिल्डर जेल (नख जाड, मजबूत करणारं जेल) लावून ते घट्ट करायला लॅम्पमध्ये हात घातला की काही जणी दचकतात. विचारलं तर "नाही, ठीक आहे". लॅम्प ४८ वॅटचा आहे. दोष लॅम्पचा की जेलचा? आणि काम सुरू करण्याआधी तब्येतीचं काय विचारावं?

प्रतिसाद १:
जेल घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. थर जितका जाड, तितकी उष्णता जास्त. त्यात नख आधीच्या फायलिंगने पातळ झालं असेल तर चटका बसणारच. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या, लॅम्पला लो-हीट मोड असेल तर तो लावा. वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. जेल बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेलाच लॅम्प हवा.

"दुखतंय का?" याला संकोचाने "नाही"च येतं. हात आत घालण्याआधीच सांगा: "गरम लागलं की लगेच हात बाहेर काढा, नख बिघडत नाही." फक्त बाहेर गेलेले सेकंद क्युअरिंगमध्ये, म्हणजे लॅम्पखाली जेल घट्ट होण्याच्या वेळेत, धरू नका. अर्धवट क्युअर झालेलं जेल त्वचेला लागत राहिलं की ॲलर्जी होऊ शकते.

प्रतिसाद २:
मी तीनच प्रश्न सुचवेन. मधुमेह आहे का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? आधी जेल किंवा ॲक्रिलिकनंतर बोटांना खाज, फोड आले होते का? कारणही सोबत सांगा, "क्यूटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) कापायचं की नाही ते ठरवायला विचारतेय", मग कुणाला राग येत नाही. पहिल्या दोनपैकी एकाला जरी हो आलं, तर निपर (क्यूटिकल कापायचं हत्यार) बाजूला ठेवा, पुशरही (ते मागे ढकलायचं) हलका.

तिसऱ्याला हो आलं तर जेल लावूच नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्टला पाठवा. डब्यावरच्या "हेमा-फ्री"वर विसंबू नका; हेमा हे ॲलर्जी करणारं एक ॲक्रिलेट, ते नसलं तरी त्यात दुसरी ॲक्रिलेट असतातच. ही ॲलर्जी सहसा जात नाही, आणि दाताच्या फिलिंगमध्येही याच जातीची रसायनं वापरतात.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद. निपर-पुशर मी यूव्ही डब्यात ठेवते, तेवढं पुरेल ना?

प्रतिसाद १:
नाही. तो फार तर स्वच्छ हत्यार ठेवायला. प्रकाश सांध्यात आणि खालच्या बाजूला पोचत नाही. आधी साबण-पाण्याने ब्रशने घासा, कोरडं करा, मग पाकिटात घालून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं मशीन), साध्या मशीनला १२१ अंशांवर ३० मिनिटं. पाकीट क्लायंटसमोर फोडा. फाइल आणि बफर धुऊन पुन्हा वापरायचे नाहीत.