चार फुटी टँक, आफ्रिकन सिक्लिड: सोबत कोण चालेल?

चौफुटी

नमस्कार मंडळी. टँक १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरला तर २४३ लिटर. टँकबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर, तळाला वाळू, मागच्या काचेला टेकून दगडांची रास. टँक सुरू करून सात महिने झाले.

आत पाच इलेक्ट्रिक यलो, दोन केन्यी, एक ऑराटस आणि एक एंजल. एंजल जुन्या छोट्या टँकमधला, मुलीचा लाडका, म्हणून इकडे आला. बाकीचे ‘मिक्स आफ्रिकन’ अशी चिठ्ठी लावलेल्या टाकीतून आणले. तेव्हा सगळे बोटाच्या पेराएवढे होते आणि एकत्र झुंडीने फिरायचे. वाटलं, काय गुणी मासे आहेत.

आता परिस्थिती अशी. एंजलच्या लांब झालरी गेल्या, तो दिवसभर हीटरमागे उभा असतो. दोन केन्यींपैकी एकाचा निळा रंग उतरतोय, पोटाकडून पिवळट पडत चाललाय, पट्टे पुसट झालेत. त्याला काही आजार झालाय का? खातो मात्र सगळ्यात जास्त. आणि यलो पाचही जण फिल्टरच्या आउटलेटपाशी, उजव्या वरच्या कोपऱ्यात जमतात. त्यांना बहुधा तिथला प्रवाह आवडतो.

टँकचा वरचा भाग मोकळा वाटतो, म्हणून आणखी मासे टाकायचा विचार आहे. डोक्यात आहेत टायगर बार्ब, रेड झेब्रा, दोन पीकॉक आणि शेवाळासाठी एक सकर. यातलं काय चालेल?

गढूळपाणी

एंजलला आज रात्रीच बाहेर काढा. बाकीचं उद्या बोलू.

शेवाळताई

गढूळपाणींशी सहमत. एंजल दक्षिण अमेरिकेतला, मऊ पाण्यातला मासा. तुमचे बाकीचे सगळे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, आणि तिथलं पाणी क्षारी, पीएच साधारण ७.८ ते ८.६. पण पाणी ही दुसरी गोष्ट झाली. पहिली ही, की एवढा मोठा झुलता पंख त्या टँकमध्ये म्हणजे कुरतडायला टांगलेलं कापडच.

आता केन्यीचं. तो आजारी नाही, वयात आलाय. केन्यीची पिल्लं नर असोत की मादी, निळीच असतात, अंगावर गडद उभे पट्टे. मादी पुढेही निळीच राहते, नर मोठा होताना निळा रंग टाकून पिवळा होतो. निळा तो नर असंच आपल्या डोक्यात असतं, त्यामुळे पहिल्या वेळी सगळ्यांचीच फसगत होते. मी स्वतः त्याला वेगळ्या टबमध्ये ठेवून औषध दिलंय. तो टबमध्येही पिवळा होत राहिला.

तुमचा ऑराटस अजून सोनेरी असेल, काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. तो नर निघाला तर एक दिवस फोटोच्या निगेटिव्हसारखा उलटेल, अंग काळपट आणि पट्टे फिके. मग त्या टँकला दोन मालक होतील, आणि चार फुटांत दोन मालक मावत नाहीत.

माझ्याकडे असा ऑराटस होता. एका सपाट दगडाखाली त्याचं बिऱ्हाड. तो चावताना मी फारसा कधी पाहिलाच नाही. कोणी समोरून गेलं की बाहेर यायचा, पंख ताठ करून त्याच्या बाजूला उभा राहायचा, अंग थरथरवायचा आणि मग पाठलाग. टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिवसातून पन्नास वेळा. मासे जखमांनी कमी गेले, दमून जास्त गेले. आठ महिन्यांत सात मासे. मी मात्र पाणी तपासत बसले होते, कारण अंगावर खूण नाही म्हणजे पाण्यातच काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

म्हणून तुमच्या यलोंबद्दल सांगते. वरच्या कोपऱ्यात जमलेल्या माशांना प्रवाह आवडत नसतो. तिथे त्यांना कोणी मारायला येत नाही, एवढंच. जवळ जाऊन बघा. वरचा पंख अंगाला चिकटलेला असेल, कल्ले भराभर हलत असतील. स्वस्थ असलेला यलो दिवसभर दगडाला तोंड लावून टोच्या मारत हिंडतो.

तेव्हा आधी कोण आणायचं हे बाजूला ठेवा. आधी कोण जायचं ते ठरवा. दोन्ही केन्यी आणि ऑराटस कुणाला तरी देऊन टाका, ज्याच्याकडे सहा फुटी टँक आहे आणि असेच गुंड भरलेत अशा माणसाला. दगड न काढता त्यांना जाळीत धरता येईल असं वाटत असेल तर एकदा प्रयत्न करा, संध्याकाळ मजेत जाईल.

मग तुमची यादी. टायगर बार्ब नको, ते स्वतःच पंख कुरतडणाऱ्यांपैकी. रेड झेब्रा टाकलात तर पुन्हा तेच, मध्यम गुंड. शिवाय झेब्रा आणि यलो यांच्यात संकर होतो, आणि मग हाती येतात धड ना नारिंगी, धड ना पिवळी पिल्लं. ती कुणाला शुद्ध यलो म्हणून देऊ नयेत, आणि मारवतही नाहीत.

पीकॉकचा मोह मी समजू शकते, काय तो रंग! पण ते आणि आपले हे दगडातले मासे, दोघांचा संसार वेगळा. आपले मबुना. टोंगा भाषेतल्या या शब्दाचा अर्थच दगडातला मासा. सारखे हलते, सारखे भांडते. पीकॉक वाळूवर अधांतरी थांबून खालची चाहूल घेतात. जबड्याखाली संवेदनेची मोठी छिद्रं असतात, त्यांनी वाळूतल्या किड्याची हालचाल टिपतात आणि मग झडप. अशा थांबून ऐकणाऱ्याला गोंगाटात ठेवलं की तो मरत नाही, पण रंग मिटवून राखाडी होऊन बसतो. ज्या रंगासाठी आणला तोच दिसणार नाही.

खाण्याचाही प्रश्न आहेच. मबुनांपैकी बरेच शेवाळ खरवडून जगणारे, आतडं लांबलचक. त्यांना रोज ब्लडवर्म किंवा मांसाचं खाद्य मिळालं की पोट फुगतं, खाणं सुटतं, पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते. या आजाराला ब्लोट म्हणतात, त्यातून मासा वाचणं कठीण. एंजलसाठी ब्लडवर्म टाकत असाल तर ते आता बंद. सगळ्यांना स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाचं खाद्य, चालेल असेच सोबती निवडा.

वरचा भाग भरायचाय ना? मग पिवळ्या शेपटीचे असेई, हेही मलावीतलेच, पाचेक. जांभळट निळं अंग, हळदीसारखी शेपटी. सरोवरात ते बुडालेल्या लाकडांवरचं शेवाळ खातात, त्यामुळे दगडांच्या मालकीवरून फारसे भांडत नाहीत आणि घोळक्याने वरच पोहतात. जोडीला सहा रस्टी. दुकानात रस्टी मळकट दिसतात, कोणी ढुंकून बघत नाही. मोठे झाले की तांबूस जांभळे होतात आणि मबुनांमध्ये इतका समंजस मासा क्वचितच. यलो आणखी दोन-तीन वाढवा. तिघांचे रंग वेगळे, अंगठेवण वेगळी. सिक्लिड सगळ्यात जास्त चिडतो तो स्वतःसारख्या दिसणाऱ्यावर, हे धरून चाला. पिवळ्याजवळ पिवळा नको, पट्टेवाल्याजवळ पट्टेवाला नको.

जाता जाता एक गंमत. यलोचं शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, आणि सेरुलियस म्हणजे निळा. १९५६ मध्ये नाव दिलं गेलं ते मलावीच्या काठावरल्या न्खाटा बे इथल्या निळसर पांढऱ्या माशांवरून. आपला पिवळा प्रकार मागाहून पुढे आला. त्यामुळे जगातला सगळ्यात पिवळा मासा कागदोपत्री निळा आहे.

दगडफोड्या

ताई, एवढी घाई कशाला? केन्यी ठेवूनही चालतं. गर्दी करायची. माझ्याकडे एवढ्याच टँकमध्ये तीसेक मबुना आहेत, त्यात केन्यीचा एक नर आणि चार माद्या. गर्दीत मार वाटला जातो, एकाच्याच मानगुटीवर कोणी बसत नाही. चौफुटींची खरी अडचण काय, तर आठ मासे आणि भरपूर रिकामी जागा. त्यात केन्यीची जोडी, म्हणजे सगळा जाच एकाच मादीला.

शेवाळताई

गर्दीचं तत्त्व बरोबर आहे, जोडीबद्दलही बरोबर. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यातच. पण तुमचे फिल्टर किती आणि पाणी किती बदलता तेही सांगा की.

दगडफोड्या

दोन कॅनिस्टर. आठवड्यातून दोनदा, दरवेळी चाळीस टक्के.

शेवाळताई

हे बघा, हेच! चौफुटी, तीस मासे ऐकून हुरळून जाऊ नका. आपल्या टँकचा पीएच वर असतो, आणि पीएच जितका वर तितका माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात जातो. जेवढ्या अमोनियाने मऊ पाण्यातले मासे नुसते सुस्तावतील, तेवढ्याने हे माना टाकतील. एका फिल्टरवर अठरा-एकोणीस मासे पुष्कळ झाले. दोन खेपांत आणा, मध्ये तीनेक आठवडे जाऊ द्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय दुसरी खेप नाही. दर वेळी नवे मासे सोडण्याआधी दगडांची मांडणी मोडून नव्याने रचा आणि दिवा बंद ठेवा. जुन्यांची हद्द पुसली गेली की तेही नव्यांइतकेच पाहुणे. आणि दगड वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर बसवा, मग भोवती वाळू. हे मासे उकरतात, वाळूवर उभा केलेला दगड कधी ना कधी काचेवर येतो.

चौफुटी

एंजल काल रात्री काढला, मुलीला सांगून. केन्यी नर असेल असं वाटलंच नव्हतं, मी तर मीठ टाकायच्या तयारीत होतो. यलो जवळून बघितले. वरचे पंख खरंच चिकटलेले आहेत, सात महिने मी त्याला आवड समजत होतो. सकरचं मात्र कोणीच बोललं नाही.

गढूळपाणी

साधा सकर नको. दुकानात चार बोटांचा असतो, वाढून फुटापलीकडे जातो. शेवाळ खातो त्यापेक्षा घाण जास्त करतो. घ्यायचाच तर ब्रिसलनोज जातीचा छोटा सकर. तो वीतभरही होत नाही, घरात पैदास झालेला असेल तर क्षारी पाणी सोसतो, आणि अंगावर चिलखत असल्याने सिक्लिड त्याच्या नादी लागत नाहीत. त्याला लपायला एक अरुंद कपार द्या, बास.

शेवाळताई

ब्रिसलनोज चालेल. पण मबुना असताना शेवाळासाठी वेगळा नोकर कशाला? दगडांवरचं हिरवं राहू द्या, तोच त्यांचा दिवसभराचा उद्योग. काचेवरचं आपण घासायचं.

तळाला काही हवंच असेल तर सिनोडॉन्टिस नावाचे कॅटफिश बघा. त्यांतला मल्टिपंक्टॅटस हा टांगानिका सरोवरातला, पण मलावीवाल्यांबरोबर छान राहतो. पांढुरक्या अंगावर काळे ठिपके. तीन-चार एकत्र ठेवा, एकटा असला तर दगडामागून बाहेरच पडत नाही. त्याचा एक प्रताप माहीत असू द्या. सिक्लिडची मादी अंडी घालून तोंडात उचलत असते, तेवढ्यात हे मध्ये घुसून आपली अंडी सोडतात. ती बिचारी सगळीच उचलते. यांची पिल्लं आधी फुटतात आणि तिच्या तोंडात बसून तिचीच पिल्लं खातात. कोकिळेला निदान कावळ्याच्या घरट्यापर्यंत जावं लागतं, इथे घरटंच तोंडात. मला तो मासा आवडतो, पण पिल्लं हवी असतील तर घेऊ नका.

चौफुटी

अडीच महिन्यांनी परत आलोय. केन्यी आणि ऑराटस गेले, ज्यांनी नेले त्यांच्याकडे सहा फुटी टँक आहे. ऑराटस जाण्याआधी काळवंडायला लागला होता, ताईंचा अंदाज खरा. आता आठ यलो, सहा रस्टी, पाच असेई. सिनोडॉन्टिस नाही घेतले, ब्रिसलनोज एक आहे, आठवड्यातून एकदा दिसतो. रस्टी आणले त्या दिवशी घरच्यांनी विचारलं, हे मळके कशाला आणले? परवा त्यांनीच फोटो काढले.

असेई पहिले चार दिवस तळाला गपगार होते, आता खरंच वर पोहतात. कोपऱ्यात कोणी उभं राहत नाही. यलोंपैकी दोघं एका कपारीवरून एकमेकांसमोर गाल फुगवतात, पण ते मिनिटभर चालतं आणि दोघं आपापल्या वाटेने जातात.

एक शंका. यलोंपैकी एकीने पाच दिवस झाले खाणं सोडलंय. बाकीचे दाण्यांवर तुटून पडतात, ही मागे थांबते. पोट आत गेलंय, हनुवटीखाली मात्र फुगलंय आणि ती सारखी काहीतरी चघळल्यासारखं करते. तुम्ही सांगितलेला ब्लोट तर नाही ना? औषध आणून ठेवलंय, टाकलेलं नाही.

दगडफोड्या

औषध कपाटात ठेवा. 😄

शेवाळताई

ब्लोटमध्ये पोट फुगतं, हनुवटी नाही. तिच्या तोंडात अंडी आहेत. चघळते ते त्यांना पाणी आणि हवा मिळावी म्हणून. साधारण तीन आठवडे ती जवळजवळ काही खाणार नाही. तिला पकडू नका, दगड हलवू नका, पाणी बदलाल तेव्हा नवं पाणी त्याच तापमानाचं घ्या. घाबरली तर थुंकून टाकते, आणि पहिल्या खेपेच्या माद्या तशाही अर्ध्यात गिळून टाकतात, तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका. पिल्लं वाचवायची असतील तर अठराव्या दिवसाच्या सुमारास रात्री, दिवा बंद असताना, तिला वेगळ्या टबमध्ये घ्या. टबमध्ये एक स्पंज फिल्टर आणि लपायला पाइपचा तुकडा.

तारीख लिहून ठेवा. आज पाचवा दिवस ना?

चौफुटी

हो, पाचवा. मुलीने कॅलेंडरवर मासा काढून ठेवलाय.