'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो': उपरोध दाखवायचा कसा?

पेठवाचक:
सदाशिव पेठेतल्या वाचनकट्ट्यावर एडगर ॲलन पोच्या या कथेवर (1846) 20 मिनिटं बोलायचंय. बहुतेकांनी मूळ कथा वाचलेली नसेल: अपमानाचा सूड म्हणून निवेदक मॉन्ट्रेसॉर फॉर्चुनाटोला अमॉन्टिलाडो या वाइनचं आमिष दाखवून भुयारात नेतो आणि जिवंत भिंतीआड चिणतो. सूड, अभिमान, मैत्रीचं सोंग हे सापडतं. पण उपरोध म्हटलं की 'फॉर्चुनाटो म्हणजे भाग्यवान, आणि तोच मरतो' इथेच गाडी अडते. मॉन्ट्रेसॉरला वेडा म्हणावं का? आणि अपमान नेमका काय झाला ते कुठे आलंय? माझ्या नजरेतून सुटलं का?

खोडरबर:
सुटलेलं नाही, पोनं सांगितलेलंच नाही. शोधत बसू नका.

'वेडा' तर अजिबात म्हणू नका, तो शब्द आला की पुढं बोलायला काही उरत नाही. हा गृहस्थ नोकरांना बजावतो की मी सकाळपर्यंत येत नाही, घर सोडायचं नाही. पाठ वळताच सगळे कार्निव्हलला पळणार हे त्याला पक्कं ठाऊक, आणि घर रिकामंच हवंय. (हा हिशोब पुणेकरांना समजावावा लागणार नाही.) फॉर्चुनाटोवर तोच डाव: तुला खोकला आहे, परत फिरू, लुकेसी (दारूचा दुसरा जाणकार) चाखून सांगेल. 'नको' ऐकलं की हा पुढं जाणार. आपण केसानं गळा कापणं म्हणतो ते हेच.

उपरोधाचे प्रकार सरमिसळ करू नका. फॉर्चुनाटो म्हणतो, मी काही खोकल्यानं मरणार नाही. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, खरंय. शब्दशः खरंच आहे, हा शाब्दिक उपरोध. भुयारात पुरलेल्यांच्या नावानं फॉर्चुनाटो पेला उचलतो, मॉन्ट्रेसॉर फॉर्चुनाटोच्या दीर्घायुष्यासाठी. वाचकाला बेत माहीत आहे, पिणाऱ्याला नाही, म्हणून तो नाट्यगत. आणि दारूचा एवढा दर्दी अमॉन्टिलाडो पारखायला निघतो, वाटेत मेडॉक ही दुसरी वाइन पितो, पण ज्यासाठी आला त्याचा थेंबही ओठाला लागत नाही. हा प्रसंगनिष्ठ. फॉर्चुनाटो हे नाव शेवटी घ्या, सगळ्यात सोपं तेच आहे.

थापी:
वरचं पटलं, पण निम्मा वेळ भिंतीला द्या. कोनाडा साधारण 4 फूट खोल, 3 फूट रुंद, 6-7 फूट उंच. भिंतीचे थर 11. पहिला थर जेमतेम होतो तोच आतून कण्हणं येतं, म्हणजे नशा उतरली. चौथ्यानंतर साखळीचा खळखळाट. तो नीट ऐकता यावा म्हणून हा काम थांबवून हाडांवर बसतो! सातव्याला भिंत छातीशी येते, किंकाळ्या सुरू होतात, आणि पहिल्यांदाच हा थरथरतो. मग ओरडण्याला ओरडूनच उत्तर देतो. शेवटी एक दगड बाकी असताना आतून फक्त घुंगरं वाजतात. ती फॉर्चुनाटोच्या डोक्यावरच्या विदूषकी टोपीची, कथेच्या सुरुवातीपासून वाजत असलेली. हे थर क्रमानं नुसते सांगितले तरी सभा गप्प होते.

दोन अडचणी येतील. भिंतींवरच्या 'सोऱ्या'चा उल्लेख वारंवार येतो. पेठेत त्याला 'लोणा चढलाय' म्हणा, जुन्या वाड्यातली ओल लगेच नाकात येते. दुसरी: फॉर्चुनाटो फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची खूण करतो आणि मॉन्ट्रेसॉर अंगरख्याखालून थापी काढतो. इंग्रजीत मेसन म्हणजे गवंडीही. मराठीत हा श्लेष मरतो, म्हणून आधी एका वाक्यात सांगून ठेवा. नंतर सांगितलात तर फुसका बार.

तिरकस:
खोडरबर मॉन्ट्रेसॉरला फारच हुशार ठरवताय. सुरुवातीला तोच दोन अटी घालतो: सूड घेणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, आणि आपल्यावर सूड उगवला जातोय हे समोरच्याला कळलं पाहिजे. दुसरी पुरी झाली का? तो कारण एकदाही सांगत नाही. फॉर्चुनाटो शेवटपर्यंत ही चेष्टा आहे असंच धरून हसायला बघतो. पहिलीचं म्हणाल, तर अर्धं शतक उलटल्यावरही हा कुणाला तरी तपशीलवार सगळं सांगतोय. सुटलेला माणूस असं करतो का? कथेतला खरा उपरोध मला तरी इथे दिसतो, आणि तो निवेदकाला दिसत नाही.

खोडरबर:
पहिल्या अटीबद्दल साशंक आहे, त्याला कुणी पकडलेलं नाही. दुसरी मान्य. घराण्याचं चिन्हही याच बाजूनं बोलतं: सोनेरी पाऊल साप चिरडतंय आणि सापाचे दात टाचेत रुतलेत. पाऊल कोण आणि साप कोण, हा प्रश्न सभेला टाका.

पेठवाचक:
मग शेवटी त्याच्या काळजात कालवतं, ते भुयारातल्या ओलीमुळे असं तो म्हणतो. विश्वास ठेवायचा का?

तिरकस:
ठरवू नका. वाक्य मोठ्यानं वाचा, 'काळजात कालवलं' म्हणून दोन सेकंद थांबा, मग 'ओलीमुळे' म्हणा.